मास्कचा सल्ला आणि हरवलेला विश्वास

गेल्या महिन्यातली गोष्ट. ओपीडीत पासष्टीच्या एक मावशी आल्या. तीन आठवड्यांपासून खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. औषधं समजावून दिली आणि म्हटलं, "मावशी, निदान पहिले दोन आठवडे तरी घरात मास्क लावा. नातवंडं लहान आहेत."

सोबत आलेला मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, रागावू नका. करोनात आधी तुम्हीच म्हणालात, मास्कची गरज नाही. मग नाही लावला म्हणून पोलिसांनी माझी पावती फाडली. आता पुन्हा लावा म्हणता. यातलं खरं काय?"

मला राग आला नाही, कारण तो खरं बोलत होता. मार्च २०२० मध्ये याच ओपीडीत मी कितीतरी जणांना सांगितलं होतं, "सर्दी-खोकला नसेल तर मास्क लागत नाही." तेव्हाची अधिकृत सूचनाच तशी होती. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, की मास्क आजारी माणसाने आणि त्याची काळजी घेणाऱ्याने लावावा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी तर ट्विट करून लोकांना मास्क विकत घेऊ नका, असं बजावलं होतं.

महिन्याभरात चित्र पालटलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेले कापडी मास्क वापरण्याचा सल्ला दिला. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलायला ५ जून उजाडला.

सल्ला का बदलला?

याची दोन कारणं होती. पहिलं कारण विज्ञानाचं. लक्षणं दिसण्याआधीच माणूस विषाणू पसरवू शकतो, हे सुरुवातीला पुरेसं स्पष्ट नव्हतं. ते कळल्यावर 'आजारी असाल तरच लावा' या सल्ल्याला अर्थ उरला नाही, कारण आपण आजारी आहोत हे त्या माणसालाच ठाऊक नसतं. नवी माहिती आली म्हणून सल्ला बदलला, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरं कारण टंचाईचं. जगभर मास्कचा तुटवडा होता आणि वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय, डॉक्टर यांना ते आधी मिळणं गरजेचं होतं. हे कारणही योग्यच होतं. चूक झाली ती सांगण्यात. 'मास्क कमी आहेत, ते रुग्णालयासाठी राहू द्या' एवढं सरळ सांगण्याऐवजी 'तुम्हाला त्याचा उपयोग नाही' असा सूर लागला. लोकांनी साधा प्रश्न विचारला: डॉक्टरला उपयोग होतो, मग आम्हाला कसा होत नाही? त्याचं नीट उत्तर आमच्याकडे नव्हतं.

साथीच्या काळातला अविश्वास आपल्याला नवा नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सैनिक घराघरांत शिरून झडती घेत. रोगी शोधणं, त्याला वेगळं ठेवणं यामागे वैद्यकीय कारण होतं. पण पद्धत अशी, की लोक रोगापेक्षा पथकाला जास्त घाबरू लागले आणि रोगी लपवू लागले. त्या संतापातूनच २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आपण २०२० मध्येही वापरला. कायद्याने दंड वसूल होतो, विश्वास नाही.

मग विश्वास कशाने येतो? बांगलादेशातल्या सुमारे ६०० गावांत, तीन लाखांहून अधिक प्रौढांवर झालेला एक अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. तिथे निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, कसे लावायचे ते दाखवलं, गावातल्या मान्यवरांनी आणि इमामांनी स्वतः लावले आणि रस्त्यात कोणी विनामास्क दिसला तर नम्रपणे आठवण करून दिली. या गावांत नीट मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेलं. इतर गावांत ते १३ टक्के होतं. जिथे सर्जिकल मास्क वाटले, तिथे रक्ततपासणीने सिद्ध झालेला लक्षणांसह करोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला आणि साठीपुढच्यांमध्ये फायदा त्याहून जास्त दिसला. कापडी मास्कचा फायदा मात्र तितका स्पष्ट दिसला नाही.

म्हणजे मास्क ही जादू नाही आणि थोतांडही नाही. तो धोका कमी करतो, संपवत नाही. किती कमी करतो, हे मास्क कोणता आहे, नाकातोंडावर नीट बसतो का आणि कुठे लावला यावर ठरतं. नीट बसलेला एन-९५ सर्वांत चांगला, त्याखालोखाल सर्जिकल, कापडी शेवटी. हनुवटीवर अडकवलेला कोणताही मास्क निरुपयोगी. मोकळ्या मैदानात त्याची फारशी गरज नाही. बंद खोलीत, गर्दीच्या लोकलमध्ये, रुग्णालयात किंवा घरात कुणी खोकत असेल तेव्हा तो जरूर लावावा. सोबत खिडक्याही उघड्या ठेवाव्यात.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "तेव्हा आम्हाला सगळं कळलेलं नव्हतं आणि जे कळत होतं तेही आम्ही सरळ सांगितलं नाही. ती आमची चूक. पण क्षयाचं तसं नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो, हे अनेक दशकांपासून पक्कं ठाऊक आहे. औषधं सुरू झाली की संसर्गाचा धोका लवकर उतरतो, म्हणून तुमच्या आईला मास्क थोडेच दिवस लावायचाय. औषधं मात्र पूर्ण मुदतीपर्यंत घ्यायची आणि नातवंडांना तपासणीला आणायचं."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तेव्हाही असंच सांगितलं असतं तर ऐकलं असतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी तो दोन्ही मुलांना तपासणीसाठी घेऊन आला. मास्क तिघांनीही लावला होता.