गुपित नसलेली माहिती

वडिलांच्या फोटो स्टुडिओत डार्करूमच्या दारामागे एक फळी होती आणि तिच्यावर रोलच्या रिकाम्या खोक्यांची चळत. बहुतेक खोकी ओर्वोची. सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमांच्या श्रेयनामावलीतही 'ओर्वोकलर' झळकायचं. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चाले, त्यामुळे ही फिल्म आपल्याकडे सहज मिळे. ओर्वो म्हणजे 'ओरिजिनल वोल्फेन', वोल्फेन हे कारखान्याचं गाव. त्या फिल्मवर आमच्या गावची लग्नं, बारशी, दहावीच्या वर्गांचे निरोपसमारंभ उतरले. मग ती बनवणारी माणसं आपलं रोजचं जगणं कसं टिपत असतील? हा प्रश्न माझ्या डोक्यात इतकी वर्षं राहिला की शेवटी त्याचा शोध घेणं भाग पडलं.

बर्लिनची भिंत, पूर्व जर्मनीचा सत्ताधारी होनेकर, भिंत पडली तो १९८९चा नोव्हेंबर हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं ते हे, की त्या देशात कॅमेऱ्याला बंदी नव्हती. उलट ड्रेस्डेनचा प्राक्टिका कॅमेरा जगभर विकला जात होता आणि कारखान्याकारखान्यांत हौशी छायाचित्रकारांची मंडळं होती. लष्कर आणि सरहद्द सोडली तर रस्त्यावर फोटो काढताना सहसा कोणी हात धरत नसे. मेख होती ती फोटो पुढे कुठे जातो यात. तिथल्या दंडसंहितेचं कलम ९९ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुकीचं वाचलं असं वाटून पुन्हा वाचलं. देशाचं नुकसान होईल अशी माहिती परक्यांना पुरवणाऱ्याला २ ते १२ वर्षं तुरुंगवास. आणि ही माहिती कोणती? जी गुपित नाही ती! गुपितांसाठी हेरगिरीचं कलम वेगळं होतंच. हे कलम उघड्या गोष्टींसाठी होतं: पोपडे उडालेली भिंत, दुकानापुढची रांग, सगळ्यांना रोज दिसणारं काहीही.

या उघड्या गोष्टींच्या मागे लागलेला माणूस म्हणजे हाराल्ड हाउसवाल्ड. जन्म १९५४चा, ड्रेस्डेनला खेटून असलेल्या राडेबॉइलचा. सत्तरच्या दशकाअखेरीस तो पूर्व बर्लिनला आला आणि प्रेन्झलाउअर बेर्ग या जुन्या, पडक्या चाळवजा इमारतींच्या वस्तीत घरोघरी तारा पोचवू लागला. मला ही नोकरी फार महत्त्वाची वाटते. तार देणारा माणूस मागच्या अंगणातून जातो, काळोखे जिने चढतो, आणि दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे असेल ते पाहतो. पुढे एका चर्चच्या संस्थेत तो छायाचित्रकार म्हणून लागला, पण नजर तारवाल्याचीच राहिली. १९८६ सालचं त्याचं एक चित्र आहे. भुयारी रेल्वेच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले तीन दमलेले पुरुष. कोणी कोणाकडे बघत नाही. दुसरं १९८७च्या १ मेचं, अलेक्झांडरप्लाट्झवरचं. वादळी पाऊस आला आहे आणि संचलनातली माणसं झेंडे सावरत पळत सुटली आहेत. सैन्यातून पळून जाण्याला जर्मनमध्ये जो शब्द आहे, त्याची फोड केली तर अर्थ होतो 'झेंड्यापासून पळणं'. चित्र पाहणाऱ्या जर्मन माणसाला तो शब्द आठवल्यावाचून राहत नसेल.

त्याची चित्रं पश्चिमेकडच्या नियतकालिकांत छापून येऊ लागली. १९८७मध्ये लेखक लुट्झ राटेनोव यांच्या मजकुरासह म्युनिकच्या पिपर प्रकाशनाने पूर्व बर्लिनवरचं त्याचं पुस्तक काढलं. ज्या शहरावर पुस्तक, त्या शहरात ते विकत मिळत नव्हतं.

देशातल्या देशात चित्रं दाखवणं तरी सोपं होतं असं नाही. हेल्गा पारिस ही त्याच वस्तीतली छायाचित्रकार, हाउसवाल्डहून सोळा वर्षांनी मोठी. कचरा उचलणारे कामगार, कपड्यांच्या कारखान्यातल्या बाया, गुत्त्यांत बसलेली माणसं यांचे फोटो तिने इतक्या आदराने काढले आहेत की त्यांत सरकारविरोध शोधावा लागतो. १९८३ ते ८५ या काळात तिने हाले शहरातली ढासळती घरं आणि त्यांच्यापुढची माणसं टिपली. १९८६मध्ये या चित्रांचं प्रदर्शन रोखलं गेलं. ते भरलं १९९०मध्ये. हालेच्या लोकांनी ती घरं रोज पाहिलेली, कित्येक तर त्यांतच राहणारी. मग त्यांच्यापासून लपवायचं काय होतं? मला वाटतं, घराची पडझड एकट्याने पाहणं वेगळं आणि ती चौकटीत लावून चार लोकांनी मिळून पाहणं वेगळं. राज्यकर्त्यांना या दुसऱ्या पाहण्याची धास्ती होती.

आता श्टाझीकडे, म्हणजे त्या देशाच्या गुप्त पोलिसांकडे येतो. १९९२च्या जानेवारीत नागरिकांना आपापल्या फायली वाचायची मुभा मिळाली. हाउसवाल्डच्या फायलीवरचं नाव होतं 'राडफारर', सायकलस्वार. त्याच्यावर तिसाहून अधिक खबरे नेमलेले होते. २००८मध्ये मार्क थ्युमलर यांनी याच नावाचा सत्तावीस मिनिटांचा माहितीपट केला. पडद्यावर हाउसवाल्डचे फोटो आणि कानावर त्या फायलीतला मजकूर. एकच माणूस, तेच रस्ते. तो लोकांकडे बघतोय आणि कोणीतरी त्याच्याकडे. फायलीची भाषा सपाट, कुठे गेला, कोणाला भेटला, किती वाजता. तो तिथे थांबला का, त्याला तिथे काय दिसलं, याचं नोंदणाऱ्याला काही कुतूहल नाही. हाउसवाल्डला अटक मात्र झाली नाही. पश्चिमेत झालेलं नाव हेच त्याचं चिलखत ठरलं असावं.

या शोधात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते मात्र श्टाझीने स्वतः काढलेल्या फोटोंनी. सिमोन मेन्नर या छायाचित्रकाराने त्या दप्तरातून निवडलेली चित्रं २०१३मध्ये पुस्तकरूपाने काढली. टपालपेटीत पत्र टाकणारी माणसं, एकामागून एक. वेषांतराच्या शिकवणीसाठी विग आणि चष्मे लावून उभे असलेले अधिकारी. आणि मग पोलरॉइड. कोणी घरी नसताना श्टाझीची माणसं गुपचूप झडतीला शिरत. काहीही हलवण्याआधी खोलीचे पोलरॉइड काढत, म्हणजे निघताना प्रत्येक वस्तू होती तशी ठेवता येई. त्यासाठी कॅमेरा शत्रूच्या देशातला लागे, कारण फोटो तिथल्या तिथे हाती यायला हवा.

म्हणून त्या चित्रांत आहेत न आवरलेले पलंग, उघडे खण, स्वयंपाकघरातली फळी आणि तिच्यावरची कॉफीची पाकिटं. वोल्फेनच्या फिल्मवर कोणा हौशी माणसाने आपल्या घरात इतक्या बारकाईने फोटो काढला नसता. सण, पाहुणे, नवीन मोटार यांचे काढतात, सकाळी टाकून गेलेल्या पांघरुणाचा नाही. घर कुणाचं ते चित्रावरून कळत नाही. मी एका पलंगाच्या चित्रापाशी पुन्हा पुन्हा येतो. पांघरूण एका बाजूला लोटलेलं आहे, उशीत डोक्याचा खळगा तसाच आहे. फोटो काढून झाल्यावर कोणीतरी ती उशी उचलली असेल, खाली हात घालून पाहिलं असेल, आणि मग हातातल्या चित्राकडे बघत बघत तो खळगा पुन्हा पाडला असेल.