पस्तीस मिनिटांचा पाठ

माझ्या वडिलांच्या पिढीत सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा थेट मास्तर होऊ शकायचा. आम्हाला चौथीपर्यंत ज्यांनी शिकवलं ते गुरुजी असेच. फायनल होऊन नोकरीला लागलेले, पीटीसी हा अध्यापनाचा अभ्यासक्रम मागाहून केलेले. बालमानसशास्त्र हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही, पण आज कोण उपाशी आलंय हे त्यांना हजेरी घेता घेता कळायचं. शिक्षक व्हायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते होते, अध्यापक विद्यालय नव्हतं.

शिकवणाऱ्यानं आधी शिकायचं असतं, हा विचार तसा आपल्याकडे जुना. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, त्या काळातच सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेतल्याचं चरित्रकार सांगतात. पुढे पीटीसी आलं, मग डी.एड., आता डी.एल.एड. पाट्या बदलत गेल्या.

मी दहावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. करून 1985 साली बाहेर पडलो. त्या दोन वर्षांतलं आठवतं ते पाठाचं टाचण. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन. हर्बार्ट नावाच्या जर्मन पंडिताच्या नावानं चालत आलेल्या या पायऱ्या आम्ही पाढ्यांसारख्या घोकल्या. पाठ पस्तीस मिनिटांचा. शहरातल्या सरावशाळेतली शहाणी मुलं आम्हाला सांभाळून घ्यायची. हेतुकथन झालं की उत्तर काय द्यायचं हे त्यांना आमच्याआधी ठाऊक असायचं! मागच्या बाकावर अध्यापक निरीक्षण वहीत शेरा लिहायचे. ‘फलकलेखन सुबक, आवाज बरा’ हा माझा सर्वोत्तम शेरा. हे सगळं थट्टेवारी नेण्यासारखं असलं तरी एक गोष्ट मान्य करतो: कुणीतरी मागे बसून आपलं शिकवणं पाहतंय आणि नंतर त्याबद्दल बोलतंय, हे भाग्य नोकरीच्या चाळीस वर्षांत फार थोड्या वेळा लाभलं.

पहिली नेमणूक जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मिळाली. एक खोली, चार इयत्ता, मी एकटा. पस्तीस मिनिटं कुणाला द्यायची? पहिलीला गिरवायला लावावं तोवर चौथीचा गुणाकार अडायचा. एकाच वेळी चार वर्ग कसे हाकायचे हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि राज्यात अशा शाळा काही अपवादानं नव्हत्या. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत म्हणून केंद्राला 1987 साली खडू-फळा मोहीम काढावी लागली, यावरून काय ते समजावं.

आगगाडीचा एक रंगीत तक्ता मी ट्रंकेत घालून नेला होता. सरावपाठात त्यानं मला गुण मिळवून दिले होते. पाड्यावर तो टांगला, तर मुलं आगगाडीकडे बघेनात. तक्ता ज्या दोरीनं बांधला होता तिची गाठ बघत बसली. आगगाडी त्यांनी पाहिली नव्हती, गाठी रोज मारत होती. शिवाय ती घरी वारली बोलायची आणि मी साताऱ्याकडची मराठी. माझ्या प्रस्तावनेतला निम्मा मजकूर हवेत विरत होता.

त्या दिवाळीच्या सुट्टीआधी एसटीनं डहाणूला उतरून कोसबादला गेलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबादच्या टेकडीवर आलं होतं. ताराबाई तोवर गेल्या होत्या. अनुताईंना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. त्यांना भेटायचा धीर झाला नाही, बालवाडी मात्र पाहिली. बिया, शिंपले, पानं, काड्या हीच तिथली साधनं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेण्याचा प्रयोग याच मंडळींनी केलेला. परत आलो तो तक्ता ट्रंकेत ठेवला आणि चिंचोके मोजायला घेतले. चौथीतली एक मुलगी माझं बोलणं पहिलीच्या पोरांना वारलीत सांगायची. माझं खरं प्रशिक्षण तिनं केलं असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगाच आहे. 2000 साली शिक्षणसेवक आले; प्राथमिकला महिना 3000 रुपये, तेही तीन वर्षं. खासगी डी.एड. महाविद्यालयं गावोगाव निघाली आणि पुढे भरती आटली तशी ओस पडली. डिसेंबर 2013 मध्ये राज्यात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली, मग अभियोग्यता चाचणी. घडवण्यापेक्षा गाळण्यावर भर आला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी मे 2025 मध्ये निवृत्त झालो. 1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावंच लागेल. माझ्या जागी असलेले पन्नाशीचे गुरुजी सध्या रात्री जेवण उरकून सराव प्रश्नसंच सोडवतात. पेपर दीडशे गुणांचा, अडीच तासांचा, सगळे प्रश्न बहुपर्यायी. मागच्या बाकावर बसून त्यांचं शिकवणं पाहायला कुणी येणार नाही.