ब्रेक दाबताच दिवे का विझतात?

दिवेलागणीला टेल लाइट लावलेले असतात आणि मागून येणाऱ्याला ते नीट दिसतही असतात. पुढे गर्दी दिसते म्हणून ड्रायव्हर ब्रेक दाबतो आणि नेमके त्याच क्षणी मागच्या ट्रेलरचे सगळे दिवे विझतात. ब्रेक सोडला की पुन्हा लागतात. अमेरिकेत मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागे होडीचा किंवा सामानाचा ट्रेलर ओढणाऱ्यांना हा बिघाड चांगला परिचयाचा आहे. बल्ब बदलून तो जात नाही आणि फ्यूज बदलूनही जात नाही, कारण दोन्ही शाबूत असतात. गडबड असते ती वीज परत येण्याच्या वाटेवर.

तिथल्या छोट्या ट्रेलरला चार तारांचा चपटा प्लग असतो. तपकिरी तार टेल लाइटची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची आणि पांढरी अर्थची. ब्रेक आणि इंडिकेटर यांना अशा ट्रेलरवर वेगळे दिवे नसतात. जुन्या पद्धतीच्या एकाच बल्बात दोन फिलामेंट असतात, टेल लाइटचे बारीक आणि ब्रेक-इंडिकेटरचे जाड. तिन्ही रंगीत तारांमधून गेलेला प्रवाह परतताना मात्र एकट्या पांढऱ्या तारेतून येतो. थोडाफार लोखंडी सांगाड्यातून आणि हुकाच्या गोळ्यातूनही येतो, पण त्या गोळ्यावर रंग, ग्रीस आणि गंज असतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

आता ही पांढरी तार तुटली असे समजा. गुस्ताव किरखॉफने 1845 मध्ये, विद्यार्थी असतानाच, एक नियम मांडला: तारांच्या सांध्यात जेवढा प्रवाह येतो तेवढा बाहेर पडलाच पाहिजे. तपकिरी तारेतला प्रवाह बारीक फिलामेंटमधून बल्बच्या धातूच्या टोपणापर्यंत येतो. तिथून अर्थ मिळत नाही म्हणून तो जाड फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, पिवळ्या-हिरव्या तारांनी मोटरहोमकडे जातो आणि तिथल्या ब्रेक लाइटमधून चासीला मिळतो. जाड फिलामेंटचा रोध कमी असल्याने टेल लाइट जवळजवळ नेहमीसारखे लागतात आणि कुणाला काही कळत नाही. ब्रेक दाबला की पिवळ्या-हिरव्या तारांतही 12 व्होल्ट येतात. दोन्हीकडून सारखाच दाब आल्यावर प्रवाह वाहणार कसा? मागच्या माणसाला इशारा सर्वांत जास्त हवा असतो तेव्हाच तो मिळत नाही. तारा थेट जोडलेल्या असतील तर आणखी एक खूण दिसते: डावा इंडिकेटर दिला की उजवा दिवाही मंद लुकलुकतो. एवढे पाहून जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन बल्बला हात न लावता आधी अर्थ बघतो.

अर्थ पूर्ण तुटला तर निदान लवकर उमगते. अर्धवट गंजलेला जास्त फसवतो. अर्थच्या बोल्टखाली गंजामुळे अर्धा ओहम रोध आला असे धरू. दोन टेल लाइट मिळून साधारण सव्वा अँपिअर घेतात. ओहमच्या नियमाने त्या गंजात जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट वाया जातो आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. ब्रेक दाबला की आणखी चारएक अँपिअर त्याच वाटेने परतू लागतात आणि गंजात दोन व्होल्टपेक्षा जास्त खर्ची पडतात. फिलामेंटचा उजेड दाबाच्या प्रमाणात सरळ उतरत नाही, फार झपाट्याने उतरतो. 12.8 व्होल्टऐवजी साडेदहा मिळाले तर बल्ब निम्माच उजळतो. म्हणजे गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे टेल लाइट लावून ‘सगळे ठीक आहे’ म्हणणे पुरेसे नाही.

मल्टीमीटरही इथे चकवतो. पुष्कळ जण बल्ब काढून होल्डरमध्ये मीटरच्या पिना लावतात, 12.6 दिसले की वायरिंग चांगली ठरवतात आणि नवा बल्ब आणायला जातात. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध सहसा 1 कोटी ओहम असतो, म्हणजे तो प्रवाह जवळजवळ घेतच नाही. तारेचा एकच केस शिल्लक असला तरी आकडा पूर्ण दिसतो. तोटी बंद असताना चिंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण भरतो. तोटी उघडली की मग खरे काय ते कळते. म्हणून माप दिवे लावून, ब्रेक दाबून धरूनच घ्यावे. एक पिन मोटरहोमच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ट्रेलरच्या बल्बच्या टोपणाला लावायची. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. दोन व्होल्ट दिसले तर दुसरी पिन टप्प्याटप्प्याने पुढे आणायची: सांगाड्याचा बोल्ट, प्लगमधली पांढरी तार, मोटरहोमचे सॉकेट, चासीवरचा अर्थ. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, त्यांच्या दरम्यान गंज आहे. मला ही पद्धत फार आवडते, कारण तीत अंदाजाला जागाच उरत नाही.

मोटरहोमला हे दुखणे जास्त का होते? मोठ्या मोटरहोमची चासी एका कारखान्यात बनते आणि वरचे घर दुसरीकडे. दिव्यांच्या तारा नऊ-दहा मीटर मागे जातात आणि वाटेत जोड येतात. त्यातला वाईट जोड म्हणजे तारेचे आवरण भेदून बसवलेली चिमट्यासारखी क्लिप. त्या भेगेतून पाणी आत झिरपते, तांबे हिरवे पडते आणि तार बाहेरून मात्र नवीकोरी दिसते. थंड राज्यांत रस्त्यावर टाकलेले मीठ हे काम आणखी वेगाने करते. होडीचा ट्रेलर तर पाण्यातच उतरवतात. तापलेला दिवा पाण्यात गार झाला की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी ओढून घेते, म्हणून होडी सोडण्याआधी प्लग काढायचा असतो. मोटरहोममागे गाडी ओढायची असेल तर दोन्हींच्या तारा डायोडमधून जोडतात, म्हणजे ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये वीज उलटी शिरत नाही.

हेच भौतिकशास्त्र कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनाही लागू आहे. रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसे जातात, आणि रिफ्लेक्टरची पट्टी लावून हा धोका पुरता टळत नाही. पट्टी मागच्याच्या हेडलाइटवर चमकते. पुढचा ब्रेक लावतोय हे ती सांगू शकत नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात तेव्हा दुसरीच्या दिव्यांचा प्रवाह दोन प्लग ओलांडून परततो आणि प्रत्येक गंजलेला सांधा आपला वाटा कापून घेतो. अशा जोडीला हुकावर न विसंबता ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र जाड तार ओढावी, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून वर ग्रीस लावावे. तपासायला वेगळा वेळही काढावा लागत नाही. साखर कारखान्याच्या रांगेत नंबर येईपर्यंत एकाने दिवे लावून ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने मागच्या ट्रॉलीपाशी जाऊन बघावे.