लांब पल्ल्याची शंका आणि तिचे निदान

पन्नाशीच्या आसपास धावू लागलेली माणसे आता पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांवरही पहाटे दिसतात. पाच किलोमीटरची सवय झाली की दहाचा विचार मनात येतो आणि पाठोपाठ शंकाही येते : 'हे आपल्याला झेपेल का?' मलाही ती आली. ताप नुसता उतरवू नये, त्याचे कारण शोधावे, असे आपण वैद्यकात शिकलो. शंकेलाही तोच नियम लावावा, असे मला वाटते. तिची कारणे मुख्यतः चार.

पहिले कारण शरीराचे. छातीत दाब, चक्कर, श्रमाच्या मानाने अधिक धाप, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा घराण्यात कमी वयात हृदयविकार असेल, तर ही शंका रास्त आहे. ती धैर्याने नव्हे, तपासणीने दूर करावयाची. आपण डॉक्टर मंडळी इतरांना तपासणी सुचवतो आणि स्वतःची मात्र पुढे ढकलतो. म्हणून हा मुद्दा प्रथम.

दुसरे कारण वेगाचे. नवखा धावपटू बहुधा गरजेपेक्षा जलद धावतो आणि दम लागला की शक्तीच संपली असे समजतो. वस्तुतः स्नायू व यकृत यांतील ग्लायकोजेनचा साठा मध्यम वेगाने साधारण दीड तास पुरतो. दहा किलोमीटर सावकाश धावण्यास सव्वा ते दीड तास लागतो. म्हणजे इंधन पुरेसे असते. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. न आल्यास वेग कमी करावा. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी रूढ केलेली, काही मिनिटे धावून मिनिटभर चालण्याची पद्धतही उपयोगी आहे. चालण्यात कमीपणा नाही.

तिसरे कारण हवेचे. आपल्याकडे दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही. त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागल्याने त्याच वेगाला नाडी जलद चालते. मांद्रे येथील किनाऱ्यावर मे महिन्यात जड गेलेले अंतर डिसेंबरच्या पहाटे मये तलावाकाठी सोपे वाटते. एका उकाड्याच्या दिवसावरून स्वतःची पात्रता ठरवू नये.

ही तिन्ही कारणे तपासून उरते ती मनाची शंका. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली आत्मविश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या माणसाचे यश पाहणे, दुसऱ्याने दिलेला धीर आणि शरीराच्या संवेदनांचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला सर्वांत प्रबळ. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी हे रोज पाहतो. मूल आधी भिंत धरून उभे राहते, मग एक पाऊल टाकते. भाषणाने कोणी चालायला शिकत नाही. आपल्या वारकऱ्यांनाही हे ठाऊक आहे. आळंदीहून पंढरीस निघालेला वारकरी एका दिवशी पुढच्या मुक्कामापुरताच चालतो.

म्हणून आठवड्यातून एकदाच, अर्धा किलोमीटर अंतर वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यास थोडे कमी करावे. हृदय काही आठवड्यांत सरावते; कंडरा आणि हाडे यांना महिने लागतात. दम पुरतो म्हणून घाई केली तर गुडघा किंवा टाच दुखते आणि मिटलेली शंका परत येते. मला पाचावरून दहावर जाण्यास तेरा आठवडे लागले. दहाव्या किलोमीटरचे भय नवव्यापर्यंत बरेच उरले नव्हते, कारण साडेनऊ आधीच पायांखालून गेले होते.

दुसऱ्या स्रोतासाठी थोर उदाहरण शेजारीच आहे. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले. त्या वर्षी अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ४२.१९५ हूनही अधिक होते. अशा नावांनी स्फूर्ती मिळते. परंतु नवख्याला खरा धीर येतो तो आपल्याच वयाचा, आपल्यासारखाच ओपीडीत बसणारा, दोन महिने आधी सुरुवात केलेला सोबती पाहून. आपल्या सभासदांपैकी जे दहा किलोमीटर धावतात, त्यांनी रविवारी एखाद्या नवख्याला बरोबर घ्यावे आणि त्याच्या वेगाने धावावे, एवढीच विनंती.