लेथवरील कसब आणि संगणकाचा हुकूम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळांत आज बहुधा दोन पिढ्यांची यंत्रे एकाच छपराखाली नांदताना आढळतात : हातचाके फिरवून चालवावयाचा जुना लेथ, आणि काचेच्या दारामागे आपले काम आपणच उरकणारे संगणकनियंत्रित यंत्र, ज्यास कारखान्यात सर्वत्र सीएनसी म्हणतात. ही दोन्ही पाहून परतणाऱ्या सामान्य मनुष्याचा असा ग्रह होतो की, पहिल्यावर काम करणारा तो कारागीर आणि दुसऱ्यापाशी उभा असलेला तो केवळ नग आत ठेवणारा व बाहेर काढणारा हरकाम्या. हा ग्रह चुकीचा आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की पगाराचे आकडे ठरविणाऱ्या कित्येक मालकांच्या मनातही तो पक्का बसला आहे.

हातातील श्रम यंत्राकडे जाण्याची क्रिया काही संगणकापाशी सुरू झालेली नाही. जेम्स वॉटने वाफेच्या यंत्राचे पेटंट १७६९ साली घेतले खरे, परंतु ज्यात दट्ट्या घट्ट बसून सरकेल असा अचूक गोल सिलिंडर त्यास मिळेना. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनने तोफांच्या नळ्या कोरण्याच्या अनुभवातून नवे बोरिंग यंत्र सिद्ध केले, तेव्हा कुठे वॉटची कल्पना व्यवहारात उतरली. अठराव्या शतकाच्या अखेरीस हेन्री मॉडस्लेने लेथचे हत्यार हाती न धरता सरकत्या लोखंडी बैठकीत बांधले आणि त्या बैठकीस लीडस्क्रूची जोड देऊन हव्या त्या अंतराचे आटे पाडण्याची सोय केली. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, छिद्रे पाडलेल्या फितीच्या हुकमाने चालणारे मिलिंग मशीन लोकांपुढे आले. प्रत्येक टप्प्यावर मनगटाचे काम घटले. विचाराचे काम मात्र तसूभरही न घटता, हत्यार धातूस भिडण्याच्या क्षणापासून सरकत सरकत त्याच्या आधी जाऊन बसले.

आधी हातचा लेथ पाहू. एका बाजूने कातलेला नग चार जबड्यांच्या चकमध्ये धरून केंद्रावर आणणे ही उमेदवाराची पहिली खरी परीक्षा होय. नगाच्या कडेस डायल टेकवून चक हाताने सावकाश फिरवावयाचा, आणि समोरासमोरच्या दोन जबड्यांपाशी काटा काय दाखवितो ते ध्यानात ठेवावयाचे. एका जबड्यापाशी तो ०.४० मिलिमीटर अधिक दाखवीत असेल, तर नग त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.२० नेच सरकवावा लागतो, आणि तोही आधी समोरचा जबडा किंचित सैल करून मग हा आवळून. पुढे कापताना हातचाकावरील रेघ चुकून ओलांडली गेली, तर तेवढेच मागे फिरवून भागत नाही. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये जी ढिलाई असते, जिला बॅकलॅश म्हणतात, ती काढण्यासाठी चाक अर्धा फेरा मागे नेऊन पुन्हा पहिल्याच दिशेने रेघेवर यावे लागते. हत्याराची धार गेली की आवाज बदलतो, किसाचा रंग व वळसा बदलतो, आणि मुरलेला टर्नर मापे घेण्याच्या आधीच ते ओळखतो. ऐन गळीत हंगामात साखर कारखान्याच्या पंपाचा शाफ्ट मोडतो तेव्हा पुष्कळदा ड्रॉइंग हाती नसते. मोडका तुकडा हाच दाखला मानून, कोठे झीज झाली आहे आणि मूळ माप काय असावे हे ताडून नवा शाफ्ट उतरवावा लागतो, आणि अशा एकाच नगासाठी आजही हातच्या लेथइतके सोयीचे साधन नाही.

सीएनसीवर हे सारे ज्ञान आगाऊ लिहून द्यावे लागते. जी-०० म्हणजे झपाट्याने जा, जी-०१ म्हणजे ठरविलेल्या गतीने कापीत सरळ जा, एम-०३ म्हणजे स्पिंडल फिरव. यंत्र या आज्ञा अक्षरशः पाळते आणि वाटेत चक उभा आहे काय याची चौकशी करीत नाही. उणे चिन्ह गळाले तर हत्यार भलत्याच दिशेने धावते. काही कंट्रोलरांवर दहाच्या आकड्यापुढे दशांशचिन्ह दिले नाही तर तो दहा मिलिमीटर न समजता दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दहा हजारांश, समजला जातो. म्हणून जाणता सेटर, म्हणजे यंत्र कामासाठी जुळवून देणारा माणूस, पहिला नग एकेक ओळ थांबवीत, रॅपिडचा, म्हणजे जी-०० च्या धावेचा, वेग अगदी उतरवून आणि एक बोट चाल थांबविणाऱ्या फीड-होल्डच्या बटणावर ठेवूनच चालवितो. हत्यार नगापासून किती अंतरावर हवे, नग कोणत्या बाजूने पकडला असता वाकणार नाही, शेवटच्या कापासाठी किती माल राखावा, हे कार्यक्रमाच्या ओळींत आपोआप येत नाही. ते ज्याने हाताने कापले आहे, त्याच्याच डोक्यातून तेथे उतरते.

मापाचे एक उदाहरण देतो, कारण या धंद्याचा सारा कस तेथे लागतो. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर ड्रॉइंगमध्ये एच-६ असे छोट्या लिपीत लिहिलेले असते, तेव्हा तो २४.९८७ ते २५.००० यांच्या दरम्यान असला पाहिजे, म्हणजे एकंदर मुभा तेरा मायक्रॉनांची. माणसाच्या डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. समजा, कापून नुकताच काढलेला शाफ्ट मायक्रोमीटरवर २४.९८९ भरला. नवखा ऑपरेटर तो पास करील. परंतु मापाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानलेले आहे, आणि तो शाफ्ट त्याहून पंधरा अंशांनी अधिक तापलेला असेल तर निवल्यावर सुमारे चार मायक्रॉनांनी आकसून २४.९८५ होईल, म्हणजे बाद. मोठा राहिलेला शाफ्ट पुन्हा कापता येतो. बारीक झालेल्यास धातू परत चिकटविता येत नाही. म्हणून अनुभवी माणूस नग निवू देतो, मापे घेतो, आणि हत्याराच्या झिजेचा हिशेब करून ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराच्या मापातील फरक यंत्रास कळविण्याच्या नोंदीत, दोन-चार मायक्रॉनांची दुरुस्ती भरतो. पडद्यावर दिसणारी ती एवढीशी संख्या हा शुद्ध मानवी निर्णय असतो.

असे निर्णय घेणारे लोक तयार करण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. आयटीआयमध्ये मशिनिस्ट आणि टर्नर यांचे शिक्षण दोन वर्षांचे असते, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये कारखान्यांनी शिकाऊ मुलांना प्रत्यक्ष कामावर शिकविण्याची तजवीज आहे. परंतु अनेक ठिकाणी मुलगा आला की त्यास थेट सीएनसीच्या दारापाशी उभे करतात, हिरवे बटण दाखवितात, आणि ऑफसेटचे पान कुलूपबंद ठेवून पाळीमागून पाळी नग मोजून घेतात. वर्षाअखेरीस त्यास नगांची संख्या ठाऊक असते, पण चकची पकड सैल असल्यास काय आवाज येतो हे ठाऊक नसते, आणि मग त्याच्या अज्ञानाचा दाखला देऊन त्याचा पगार खालीच ठेवला जातो. हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे मालकाच्या अखत्यारीतले काम आहे. पहिले सहा महिने त्यास हातच्या लेथवर आणि मिलिंगवर ठेवावे, बिघडलेल्या नगांचे कारण त्याच्याकडूनच शोधून घ्यावे, नंतर जाणत्या सेटरच्या देखरेखीखाली ऑफसेट त्याच्या हाती द्यावा, आणि ज्या दिवशी तो पहिला नग स्वतःच्या जबाबदारीवर पास करील, त्या दिवसापासून त्यास सेटरचा पगार द्यावा.