वेज किती बाळगाव्यात? नव्वद वर्षांचा हिशेब

गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवता येतात, आणि त्यातले किती वेज असावेत या प्रश्नावर गोल्फ खेळणारे तासन् तास वाद घालू शकतात. वेज म्हणजे आखूड दांड्याचा, चांगलंच मागे कललेल्या पात्याचा लोखंडी क्लब. चेंडू फार दूर न नेता उंच उचलायचा आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, झेंड्याजवळ टाकायचा, एवढंच त्याचं काम. जळगाव-धुळ्याकडे गोल्फ बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेला असतो. पण इथली मुलं नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला जातात. तिथे कंपनीतल्या कुणाच्या नादाने मैदानावर पोहोचतात आणि पहिली पिशवी घेताना याच प्रश्नाशी अडतात. दुकानदार सांगतो की आता चार वेजचा जमाना आहे. गेल्या नव्वद-पंचाण्णव वर्षांचा मागोवा घेतला तर वेगळंच चित्र दिसतं. वेजची संख्या शून्यावरून चारवर गेली हे खरं, पण या वाढीतला मोठा भाग जुन्याच क्लबांच्या नव्या बारशाचा आहे. खेळाच्या गरजेतून आलेली वाढ त्या मानाने थोडी आहे, आणि सामान्य खेळाडूची ती गरज तीन वेजवर भागते.

1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा भारतात गोल्फ रुजून बराच काळ लोटला होता. कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. त्या काळी क्लबांचे दांडे हिकरी लाकडाचे असत आणि त्यांना आकड्यांऐवजी नावं असत. सर्वांत कललेल्या पात्याचा क्लब म्हणजे निब्लिक. वाळूतून, चिखलातून, गवतातून चेंडू काढायचा असो की ग्रीनवर टाकायचा असो, त्याच्यावरच भिस्त असे. चिक इव्हान्स या अमेरिकन हौशी खेळाडूने 1916 ची अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या पिशवीत सगळे मिळून सात क्लब होते. चार फेऱ्यांत त्याने 286 फटके घेतले, आणि तो विक्रम वीस वर्षं टिकला. कमी क्लबांत भागवणारा खेळाडू फटक्याची लांबी हाताने ठरवायचा. पूर्ण झोका, पाऊण झोका, अर्धा झोका, पातं थोडं उघडं, थोडं मिटलेलं, अशा तऱ्हेने एकाच निब्लिकमधून पाच-सहा अंतरं काढणं हा तेव्हाच्या खेळाचा पायाच होता.

वेजचा खरा जन्म वाळूत झाला. निब्लिकचं पातं धारदार असे. वाळूत मारलं की ते खोल रुतायचं आणि चेंडू जागच्या जागी राहायचा. 1920 च्या दशकाअखेरीस खोलगट पात्याचा एक क्लब निघाला. बॉबी जोन्सने तो 1930 च्या ब्रिटिश ओपनमध्ये वापरला, पण 1931 मध्ये त्यावर बंदी आली. तोडगा काढला जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूने. विमानवेडा उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेसबरोबर विमान उडवायला शिकताना त्याच्या लक्षात आलं की शेपटी खाली गेली की विमान वर उठतं. मग त्याने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने धातूचा थर डाखला, आणि तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली येईल असा तो घासून घेतला. आता पातं वाळूत शिरलं की आधी हा फुगीर तळ टेकायचा आणि क्लब रुतण्याऐवजी सरकत बाहेर यायचा. या गुणाला बाउन्स म्हणतात. 1932 ची ब्रिटिश ओपन इंग्लंडमधल्या सँडविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर होती. कुणी हरकत घेऊ नये म्हणून साराझेनने हा क्लब तिथे लपवून ठेवला आणि स्पर्धा जिंकली. थोडक्यात, पहिली सँड वेज आली ती जमिनीची एक अडचण सोडवायला. अंतरातली फट भरणं हा तिचा हेतूच नव्हता. पुढच्या वेज पारखताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

त्याच सुमारास पोलादी दांडे आले, कारखान्यांत आकडे घातलेले पूर्ण संच बनू लागले आणि पिशव्या फुगल्या. लॉसन लिटलने 1934 आणि 1935 अशी दोन वर्षं ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली. त्याच्या पिशवीत तीसच्या आसपास क्लब असत, असं सांगितलं जातं. प्रत्येक अंतराला वेगळा क्लब असेल तर हाताचं कसब उरतं कुठे, असा सवाल उठला. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, 1 जानेवारी 1938 पासून, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 14 क्लबांची मर्यादा घातली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ संस्थेने ती 1939 मध्ये स्वीकारली. तेव्हापासून पिशवीत एक क्लब घालायचा म्हणजे दुसरा काढायचा. हा नियम कागदावरचा नाही. 2001 च्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या फेरीत इयन वूसनमने पहिल्याच होलला बर्डी केली, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेतला. पण दुसऱ्या होलच्या टीवर पिशवीत पंधरावा क्लब, लांब फटक्याचा एक जादा ड्रायव्हर, सापडला आणि दोन फटक्यांचा दंड बसला. तो संयुक्त तिसरा आला. ते दोन फटके वाचले असते तर दुसरं स्थान त्याच्या एकट्याचं झालं असतं. म्हणून किती वेज ठेवू, असं विचारणाऱ्याला त्यासाठी काय बाहेर काढू, याचंही उत्तर द्यावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धानंतरची तीन-चार दशकं बहुतेकांचं दोन वेजवर भागलं. एक पिचिंग वेज, तिचा लॉफ्ट म्हणजे पात्याचा कल 50 ते 52 अंश. दुसरी सँड वेज, सुमारे 55-56 अंशांची. तिसरी आणली डेव्ह पेल्झ या ‘नासा’तल्या माजी शास्त्रज्ञाने. व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांच्या नोंदी ठेवल्यावर त्याला दिसलं की त्यांच्या लांब फटक्यांपेक्षा शंभर यार्डांच्या आतल्या फटक्यांत चुका प्रमाणाने कितीतरी जास्त होतात. त्याच्या सल्ल्याने टॉम काइटने 60 अंशांची लॉब वेज पिशवीत घातली, आणि 1981 मध्ये अमेरिकन टूरवर सर्वाधिक बक्षिसाची रक्कम त्यानेच कमावली. ही वाढ खरी होती. आधी नसलेला एक फटका त्यामुळे हाती आला.

चौथ्या वेजची कथा वेगळी आहे. 1970 च्या दशकातली पिचिंग वेज 50-52 अंशांची असे. आज सामान्य खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या संचातली पिचिंग वेज बहुधा 43 ते 45 अंशांची असते, म्हणजे जुन्या नऊ नंबरच्या आयर्नपेक्षाही (आयर्न म्हणजे आकड्याने ओळखला जाणारा लोखंडी क्लब) कमी कललेली. सात नंबरचा आयर्न तेव्हा 37-38 अंशांचा होता, तो आता 30 अंशांवर आणि काही संचांत त्याच्याही खाली आला आहे. कंपन्यांनी पातं उभं केलं, तळावरचा आकडा तोच ठेवला आणि आमच्या सात नंबरने चेंडू पंधरा-वीस यार्ड पुढे जातो, अशी जाहिरात केली. त्यामुळे पिचिंग आणि सँड वेजमध्ये दहा-बारा अंशांचं भगदाड पडलं. ते बुजवायला निघाली 50-52 अंशांची गॅप वेज. आकडे शेजारी ठेवले की उलगडा होतो. आजची गॅप वेज म्हणजे कालची पिचिंग वेज. यात निव्वळ फसवणूक आहे असं मात्र म्हणता येणार नाही. नव्या पोकळ पाठीच्या आयर्नमध्ये वजन तळाशी असतं, त्यामुळे चेंडू मुळातच जास्त उंच उडतो, आणि ती उंची आवरायला लॉफ्ट थोडा कमी करावाच लागतो. हे कारण मान्य केलं तरी निष्कर्ष बदलत नाही. गॅप वेज घेणाऱ्याला नवा फटका मिळत नाही, गेलेला परत मिळतो. तेव्हा ती घ्यावी, पण पिशवी समृद्ध झाली असं समजू नये.

यावर पहिली हरकत ठरलेली असते. टीव्हीवर दिसणाऱ्या व्यावसायिकांकडे सर्रास चार वेज असतात, मग आपल्याकडे का नसाव्यात? याचं उत्तर झोक्याच्या वेगात आहे. अमेरिकन टूरवरच्या खेळाडूची पिचिंग वेज सरासरी 135 यार्डांच्या पुढे जाते. म्हणजे पूर्ण झोक्याने खेळायची त्याची कितीतरी अंतरं वेजच्या हद्दीत येतात, आणि दोन वेजमध्ये सहा अंशांचा फरक पडला की मधे मोठी मोकळी जागा राहते. ज्याची पिचिंग वेज 100 यार्डांवरच पडते, त्याच्यासाठी तेच सहा अंश दहा-बारा यार्डांचे होतात. हौशी खेळाडूच्या एकाच क्लबच्या दोन फटक्यांत बहुधा तेवढा फरक पडतोच. चुकीची लांबीच फटीएवढी असेल तर ती फट बुजवून हाती काही लागत नाही. शिवाय व्यावसायिक रोज शेकडो चेंडू मारून प्रत्येक वेज हाताखालून घालतो. आठवड्यातून एकदा मैदानावर जाणाऱ्याच्या हाताला चार वेजची चार वजनं आणि चार तळ ओळखीचे व्हायला वर्षं जातात.

दुसरा पुरावा जमिनीचा आहे, आणि तो खानदेशच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वैशाखात इथली काळी जमीन भेगाळते, आषाढात तीच पायाला गोळा होऊन चिकटते. देशावरच्या मैदानांतही मुरूम, पातळ गवत आणि उन्हाळ्यात टणक झालेली माती हेच वास्तव असतं. पाणी दिलेला फेअरवे मऊ राहतो, पण त्याच्या कडेला दोन पावलांवर जमीन खणखणीत लागते. अशा जमिनीवर जादा बाउन्सची वेज तळावर आपटून उसळते, तिची कड चेंडूच्या पोटाला लागते आणि चेंडू ग्रीनपलीकडे सुसाट जातो. शेतकरी कपाशीच्या ओळींतलं अंतर बघून कोळप्याचं पातं लावतो, घरात कोळपी किती आहेत ते मोजत बसत नाही. वेजचंही तसंच आहे. बाउन्स चार अंशांचा की बारा अंशांचा, हा प्रश्न वेज तीन की चार याच्या आधीचा. जुन्या काळी भारतातल्या अनेक छोट्या मैदानांवर हिरवळीचे ग्रीन नसतच. तेल शिंपून दाबलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. त्यांच्यावर उंचावरून टाकलेला चेंडू कसा उसळेल याचा नेम नसे, म्हणून चेंडू जमिनीलगत ठेवून घरंगळत नेणं हेच शहाणपण होतं.

इथे दुसरी हरकत येते आणि ती वजनदार आहे. जमीन टणक असेल तर चेंडू थांबवायला उंचीच हवी, मग 60 अंशांची लॉब वेज आपल्याकडे उलट जास्त गरजेची नाही का? कागदावर हे बरोबर आहे. पण लॉब वेजला चेंडूखाली शिरायला गवताची गादी लागते. उघड्या मातीवर चेंडू टेकलेला असताना 60 अंशांचं पातं नेमकं खाली घालायचं तर चूक करायला जागाच उरत नाही. तिथे 50 अंशांच्या वेजने, नाहीतर सरळ आठ नंबरच्या आयर्नने, चेंडू थोडा उचलून पळवला तर वाईटातला वाईट फटकाही ग्रीनच्या आसपास राहतो. उंचीच हवी असेल तेव्हा 56 अंशांच्या वेजचं पातं जरा उघडून ती मिळते. पावसाळ्यात जमीन मऊ होते तेव्हा बाउन्स हवा, हेही खरं. त्यासाठी 56 अंशांची वेज आठ-दहा अंशांच्या मध्यम बाउन्सची घेतली की दोन्ही हंगाम निभावतात. कुठेही चौथ्या वेजची नड पडत नाही.

मग दोनच का नकोत, किंवा एकच? कमी साधनांत काय साधतं याचा पुरावा मुंबईत आहे. चेंबूरच्या गोल्फ क्लबालगतच्या वस्तीत कॅडीचं काम करणाऱ्या मुलांनी लोखंडी सळई वाकवून क्लब बनवले आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ उभा केला. गटाराच्या कडेवरून, पत्र्याच्या छपरावरून चेंडू काढायची कला त्यांनी वाकवलेल्या सळईवर कमावली. त्यांचं उदाहरण देऊन कुणी एकाच वेजचा आग्रह धरेल, पण तो टिकत नाही. त्या मुलांनी सळई धरली ती परवडत नव्हतं म्हणून, आणि त्यांचा चेंडू, अंतरं, जमीन सगळंच वेगळं होतं. 44 अंशांच्या पिचिंग वेजनंतर थेट 56 आली तर 70 ते 100 यार्डांच्या पट्ट्यात सामान्य खेळाडूला अर्ध्या झोक्याचा नाजूक फटका मारावा लागतो, आणि तोच त्याला सर्वांत कमी जमतो. म्हणून मधली 50 ची वेज हवीच.

उलट्या टोकाला, फिल मिकलसनने 2006 ची मास्टर्स दोन ड्रायव्हर घेऊन जिंकली आणि 2008 च्या अमेरिकन ओपनच्या पहिल्या फेऱ्यांत ड्रायव्हर पिशवीतच ठेवला नाही. जाणकार खेळाडूसुद्धा संख्या कायमची ठरवत नाही, मैदान बघून बदलतो. सामान्य खेळाडूला तेवढी चैन परवडत नसली तरी क्रम तोच पाळता येतो. आधी आपल्या संचातल्या पिचिंग वेजच्या तळावरचा किंवा कंपनीच्या तक्त्यातला लॉफ्ट बघावा. तो 44-45 असेल तर 50 आणि 56 घ्यावी. जुन्या संचातली 50 अंशांची पिचिंग वेज असेल तर फक्त 56 पुरे. बाउन्स ज्या जमिनीवर खेळायचं तिच्यावरून ठरवावा. मग उरलेल्या चौदाव्या जागेत लांबचा अवघड आयर्न बदलून हायब्रिड, म्हणजे वुड आणि आयर्न यांच्या मधला मारायला सोपा क्लब, बसवावा, कारण हौशी खेळाडूचे फटके 160-170 यार्डांवरूनही भरपूर वाया जातात आणि तिथली मदत जास्त कामी येते. पिचिंग वेज 120 यार्डांच्या पलीकडे जाऊ लागली आणि मऊ, पाणी दिलेल्या ग्रीनवर नेमाने खेळणं होऊ लागलं, की चौथ्या वेजचा विचार जरूर करावा. तोपर्यंत ती दुकानातच बरी.