जुनी शेवरोले पिकअप नेमकी कोणत्या सालची? या खुणांवरून ओळखा

गोलसर बॉनेटच्या जुन्या अमेरिकन पिकअपचा फोटो व्हायरल झाला की खाली ‘१९५० ची शेवरोले’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. खरं तर १९४७ च्या उन्हाळ्यापासून १९५५ च्या सुरुवातीपर्यंत शेवरोलेच्या पिकअपचा साचा जवळपास एकच होता. ‘ॲडव्हान्स डिझाइन’ हे त्याचं नाव. पण साल चुकलं तर सुटे भाग मागवताना पैसे वाया जातात. १९५३ ची समोरची काच १९५४ च्या गाडीला बसत नाही!

मग ओळखायचं कसं?

समोरची काच: मधे पट्टी असलेली दोन भागांची काच म्हणजे १९५३ किंवा त्याआधीची गाडी. सलग वक्र काच १९५४ मध्ये आली.

जाळी: १९५३ पर्यंत पाच आडव्या पट्ट्या. १९५४ पासून मधोमध एक जाड आडवी पट्टी.

दार: खिडकीत पुढे उघडणारी छोटी तिकोनी काच १९५१ पासून, तर बटण दाबून उघडायचं हँडल १९५२ पासून.

पेट्रोलचं झाकण: सुरुवातीला ते उजवीकडे, मागच्या हौद्याच्या बाजूला असे. १९४९ मध्ये टाकी सीटमागे आली आणि झाकण उजव्या दारामागे केबिनवर गेलं.

बॉनेटवरचा आकडा: ३१००, ३६०० किंवा ३८०० हा वजन वाहण्याच्या क्षमतेनुसार दिलेला मॉडेल क्रमांक आहे. ३१०० म्हणजे अर्ध्या टनाची गाडी. यावरून साल कळत नाही.

इथे फसगत होते

सत्तर वर्षांत दारं, जाळ्या, बॉनेट सर्रास बदलले जातात. १९४९ च्या गाडीला १९५२ ची दारं सहज सापडतील. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका. समोरच्या काचेची चौकट आणि केबिनवरचं पेट्रोलचं झाकण बदलणं अवघड असतं, त्यामुळे आधी ते पाहा.

१९५५ ची गाडी असेल तर आणखी एक पेच आहे. त्या वर्षी मार्चमध्ये दोन्ही बाजूंना वळलेल्या काचेचं नवं मॉडेल आलं. त्याआधी विकलेल्या गाड्या मात्र १९५४ सारख्याच दिसतात. कागदावर साल एक, गाड्या दोन!

खात्रीसाठी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पाटीवरचा क्रमांक वाचा. तो १७ अंकाक्षरांचा नसेल, म्हणून गाडी बनावट समजू नका. अमेरिकेत ती पद्धत १९८१ पासून सुरू झाली. त्यामुळे आजच्या क्रमांक तपासणाऱ्या वेबसाइटवर तो चालणार नाही. तो शेवरोलेच्या त्या काळच्या क्रमांकांच्या यादीशीच ताडून पाहावा लागतो.